उन्हाळ्याचे काम : उपकार नव्हे, हक्क
(बार्शी येथील युवक मेळाव्यातील भाषण)



बार्शी तालुका ज्वारीचा. रब्बीची खळी उरकली की मृगापर्यंत शेतात हाताला काम नसते. याच दिवसांत महाविद्यालयांना सुटी असते आणि ती संपताच फी व पुस्तकांचा खर्च दारात उभा राहतो. सुखवस्तू घरातल्या मुलाची सुटी ही विश्रांती; शेतमजुराच्या मुलाची सुटी ही बेकारी. तिचे उत्तर कोणाच्या दयेत शोधावयाचे की कायद्यात, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने हे उत्तर एकदा दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका' म्हणत श्रमाला शिक्षणात प्रतिष्ठा दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्या प्रौढ ग्रामीण स्त्रीपुरुषाला काम, पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता आणि खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर, अशी तिची रचना होती.

उन्हाळ्यात बांधलेला पाझर तलाव पावसाळ्यात भरतो. मजुरी एका घराला मिळते; पाणी गावाच्या विहिरींना मिळते. अमेरिकेतही 1933च्या मंदीत बेकार तरुणांना वनीकरणाच्या कामावर घेतले गेले आणि त्यांच्या वेतनाचा मोठा भाग घरी पाठविला जाई. तरुणांचे श्रम ही समाजाची ठेव आहे, हाच त्याचा अर्थ.

आज मात्र सावध राहावयास हवे. केंद्राच्या 2005च्या कायद्यात शंभर दिवसांची हमी होती. 2025 अखेर संसदेने त्याच्या जागी 125 दिवसांचा कायदा संमत केला. पण राज्यांचा निधी आधीच ठरवून दिला. दिवस वाढवावयाचे आणि थैलीचे तोंड आवळावयाचे, ही हमी नव्हे. शिवाय हे कायदे खेड्यांपुरते. एके काळी कापडगिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या बार्शी शहरातील तरुणाला असा हक्क नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी उन्हाळ्याची वाट पाहू नये. गावोगाव कामाची मागणी लेखी नोंदवावी, तिची पोच घ्यावी, ग्रामसभेत कामांची यादी मंजूर करून घ्यावी आणि शहरी रोजगार हमीची मागणी नगरपालिकेच्या दारापर्यंत न्यावी. न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.