कायदा आणि त्यामागचे खाते



मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तर प्रदेशाकडे पायी निघालेले मजूर आपल्या इंदूरच्या बायपासवरून गेले. इंदूरकरांनी त्यांना जेवण दिले, चपला दिल्या. पण या लोकांना प्रवासभाडे मिळावे असा कायदा तेव्हा होता, यावर फारसे कोणी बोलले नाही.

तो १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. परराज्यातून पाच किंवा अधिक मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यायचा, जाण्यायेण्याचे भाडे आणि वर विस्थापन भत्ता द्यायचा. पहिला भार ठेकेदारावर. त्याने मजुराचे नाव लिहिलेच नाही, तर कायद्याच्या लेखी तो मजूर नाहीच! सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की एक कोटीवर मजूर घरी परतले, मृतांची आकडेवारी मात्र ठेवलेली नाही.

त्याच १९७९ साली, २६ जानेवारीला, महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा लागू झाला. १९७२ च्या दुष्काळात गावेच्या गावे रिकामी होऊ लागली होती. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही योजना. आम्हा बँकवाल्यांना त्यातली पैशाची बाजू विशेष वाटते. १९७५ साली शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि जमेल तितकीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची ठरवली. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यात खडी फोडणाऱ्याची मजुरी. कुरकूर झालीच असेल, पण खाते उघडले गेले. पुढे बोगस हजेरीपट निघाले, निधी पडून राहिला, ऊसतोडीचे स्थलांतरही थांबले नाही, हेही खरे.

२००५ चा केंद्राचा कायदा याच वाटेने आला, आणि २०२० मध्ये परतलेल्यांना काम देण्यासाठी त्याच्याच ६१,५०० कोटींच्या तरतुदीत ४०,००० कोटींची भर घालावी लागली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० चे १२५ झाले. पूर्वी अकुशल मजुरीचा सगळा पैसा केंद्र देई. आता आपल्यासारख्या राज्यांनी ४० टक्के घालायचे आहेत. मध्य प्रदेश हा वाटा दरवर्षी कोणत्या जमेतून काढणार, एवढा एकच प्रश्न मंडळाच्या वतीने आपल्या आमदारांना लेखी पाठवावा, अशी आमची सूचना आहे. मसुदा कार्यालयात ठेवला आहे; सह्या कराव्यात.