परत गेला एक, नव्यानं गेलो तिघं

(संस्थेच्या हितचिंतक मेळाव्यात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे, 'लहान मुलांना घेऊन आयर्लंडला परत जाताना'. वसतिगृहातल्या मुलींना शनिवारी गणित शिकवायला येणारी बाई एकदम समुद्रापार गेली, तिचं तिकडे कसं चाललं आहे, हे तुम्हाला ऐकायचं आहे. सांगते. पण आधी त्या 'परत' या शब्दाबद्दल बोलते.

माझे यजमान आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्क काउंटीतले. अकरा वर्षं ते महाराष्ट्रात राहिले. आमचं लग्न नाशिकला झालं, दोन्ही मुलं इथलीच. सासूबाई गेल्या आणि सासरे शेतावरच्या घरात एकटे पडले, म्हणून २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिकडे गेलो. तेव्हा मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. सगळे म्हणाले, "चला, तुम्ही परत चाललात." खरं तर परत एकटे तेच चालले होते. आम्ही तिघं नव्यानं जात होतो.

आयर्लंड हा निघून गेलेल्यांचा देश आहे. १८४५ पासून सात वर्षं तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तेवढीच बोटीत बसून निघून गेली. १८४१ मध्ये त्या बेटावर ८० लाखांहून जास्त वस्ती होती, आजही तेवढी नाही. आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५० लाखांच्या वर गेली, ती १८५१ नंतर पहिल्यांदाच. त्यामुळे कुठल्याही घरात जा, कुणीतरी गेलेलं असतंच. परत येणाऱ्यांबद्दल लोकांना माया आहे. मेयो काउंटीतल्या मलरॅनी गावात 'सेफ होम आयर्लंड' नावाची संस्था २००० सालापासून परदेशी गेलेल्या वृद्धांना आपल्या मुलखात परत यायला मदत करते.

पण माया वेगळी आणि कागद वेगळा. तिकडचा बालभत्ता महिन्याला एका मुलामागे १४० युरो आहे. तो मिळवायचा तर तुम्ही तिथले नेहमीचे रहिवासी आहात, हे दाखवावं लागतं. परत आलेल्या आयरिश माणसालाही ही अट आहे. ज्यांचा जन्म त्या गावातला, ज्यांची आई तिथल्या मातीत पुरलेली, त्या माझ्या यजमानांनी पुरावे गोळा केले: नाशिकचं घर सोडल्याचा कागद, एका बाजूची विमान तिकिटं, सामान पाठवल्याची पावती, मुलीच्या शाळेचं पत्र. ते फाईल लावत बसले होते, तेव्हा मला आपल्या पाड्यांवरचे आईबाप आठवले. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या रहिवासाचा पुरावा शोधत तेही असेच फिरतात. रान त्यांचं, डोंगर त्यांचे, आणि त्यांनाच विचारायचं, तुम्ही इथले कशावरून?

बाकीचं म्हणाल तर लहान मुलांसाठी सोयी चांगल्या आहेत. दोन वर्षं आठ महिन्यांच्या पुढच्या मुलाला बालवाडी रोज तीन तास मोफत मिळते. आठ वर्षांखालच्या मुलांना कार्डावर डॉक्टर फुकट तपासतात. मुलांचे वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले नागरिक, म्हणून मुलं जन्मापासून तिकडची नागरिक. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतासाठी त्यांना ओसीआय कार्ड. अडकले ते मी. नाशिकच्या रस्त्यांवर पंधरा वर्षं गाडी चालवलेली बाई, पण भारतीय परवाना तिकडे बदलून मिळत नाही. पाहुणी म्हणून वर्षभर चालवता येते, राहायला आलात तर पुन्हा लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, सक्तीचे धडे, मग चाचणी. आमचं घर शेतावर, बस दिवसातून मोजक्या. दूध संपलं तरी कुणाला तरी सांगावं लागायचं. डिसेंबरात साडेचारला अंधार. त्या महिन्यांत मला खूप एकटं वाटलं.

यजमानांचं वेगळंच. परतणाऱ्याच्या मनात गाव आपण सोडलं तिथेच थांबलेलं असतं. जुने मित्र प्रेमानं भेटले, पण त्यांची घडी बसून गेली होती. घरभाडी ऐकून छाती दडपायची, म्हणून आम्ही सासऱ्यांकडेच राहिलो. माझं निदान नवेपण सर्वांना दिसत होतं. बाहेरून आलेल्याला तिकडे 'ब्लो-इन' म्हणतात, म्हणजे वाऱ्यानं उडून आलेला. वीस-वीस वर्षं राहिलेल्यांनाही हा शब्द चिकटलेला असतो. यजमानांना मात्र कुणी नवा समजत नव्हतं आणि ते जुनेही राहिले नव्हते. तिकडे सासऱ्यांना सर्रास नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मी मुलांसारखी त्यांना 'ग्रँडॅड' म्हणू लागले.

मुलीची शाळा दोनशिक्षकी आहे, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखी एका खोलीत दोन-तीन वर्ग. पहिले दोन महिने तिथे ती बोललीच नाही. इंग्रजी येत असून गप्प. बोलायला लागली ती आयरिश भाषेच्या तासाला. ती भाषा सगळ्यांनाच अवघड, म्हणून तिथे सगळे सारखे. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, 'तॉ ओक्रस ऑरम' म्हणजे काय सांगू? भूक माझ्यावर आहे. आपल्यासारखंच! मला भूक लागली!" इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो. आयरिशमध्ये भूक माणसावर येते, मराठीत माणसाला लागते. बाईंनी तिला हे वर्गापुढे सांगायला लावलं, मराठी वाक्य फळ्यावर लिहायला लावलं. त्या दिवसापासून ती बोलते.

या भाषेबद्दल जरा जास्त सांगते, कारण ते आपल्या कामाचं आहे. आयरिश ही त्या देशाची पहिली राजभाषा. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे २०२२ च्या जनगणनेत सुमारे ७२ हजारच निघाले. एकोणिसाव्या शतकात काही ठिकाणी मुलांच्या गळ्यात काठी अडकवत. तोंडातून आयरिश शब्द निघाला की काठीवर एक खाच, आणि खाचा मोजून मार. यात आईबापही सामील असत. लेकरू उद्या बोटीत बसून जाणार, इंग्रजी आली तर पोट भरेल, एवढाच त्यांचा विचार. त्यांना दोष देववत नाही. पण भाषा दोन-तीन पिढ्यांत चुलीपासून उठली, आणि आज सरकार पैसा ओतूनही ती पुन्हा चुलीपाशी बसत नाही. वारली, कातकरी, कोकणा बोलणारं लेकरू आपल्या वसतिगृहात पहिल्या दिवशी गप्प बसतं, तेव्हा ही काठी आठवा. गळ्यात काठी न बांधताही खाचा पडतात.

माझ्या घरातही हे चालू आहे. धाकटा आता पाच वर्षांचा झाला. त्याला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. यजमानांनी नाशिकच्या रिक्षावाल्यांकडून मराठी उचलली होती. आता रात्रीच्या जेवणाला ते फक्त मराठी बोलतात. चुकीची, पण मोठ्यानं. आजीशी फोनवर बोलताना धाकट्यानं गेल्या महिन्यात अख्खं वाक्य मराठीत म्हटलं. पुढे काय होईल, देव जाणे. आम्ही सोडलेलं नाही.

आता ज्या दिवशी मला ते गाव थोडं आपलं वाटलं, त्याबद्दल. १८ ऑक्टोबर २०२३ ला 'बॅबेट' वादळाच्या पावसानं जवळच्या मिडलटन गावात नदीचं पाणी शिरलं. मुख्य रस्त्यावरची दुकानं, घरं बुडाली. आम्हाला येऊन दोनच महिने झाले होते. आमचं घर उंचावर, आम्ही सुखरूप. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंचा फोन आला. तोवर त्या नेहमी विचारायच्या, "काही हवंय का?" त्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्याकडे फावडी आहेत का? घेऊन या."

मी गेले. दिवसभर एका दुकानातला गाळ घमेल्यांनी बाहेर काढला. कोकणात वाढलेल्या बाईला पुराचा गाळ नवा नाही: पाणी ओसरतंय तोवरच खरवडायचा, वाळला की दगड होतो. हे मी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. नंतरच्या आठवड्यात रस्त्यात चार बायकांनी थांबवून विचारपूस केली. दोन महिने मला सगळे मदत करत होते, तोवर मी पाहुणी होते. काम मागितलं, तेव्हा मी गावात मोजली गेले.

त्याच मिडलटनच्या बागेत पोलादाची नऊ उंच पिसं वर्तुळात उभी आहेत. अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींच्या स्मरणार्थ ती उभारली. १८३१ पासून त्यांना त्यांच्या भूमीवरून हाकललं गेलं, वाटेत हजारो मेले. तरी १८४७ मध्ये, कधी न पाहिलेल्या आयर्लंडमधल्या भुकेल्यांसाठी त्यांनी १७० डॉलर जमवून पाठवले. आयरिश माणूस ते विसरलेला नाही. २०२० च्या साथीत अमेरिकेतल्या नावाहो आणि होपी आदिवासींसाठी मदत जमत होती, तेव्हा असंख्य आयरिश लोकांनी हीच आठवण सांगत पैसे पाठवले. आपण आदिवासींना देण्याची भाषा रोज बोलतो. ते दाते होते, ही गोष्ट तिथली शाळकरी मुलंही जाणतात.

शेवटी एक विनंती. वसतिगृहातली आपली मुलं सुटीत पाड्यावर जातात, दहावी-बारावीनंतर कायमची जातात. आपण म्हणतो, परत गेली. पण चार-पाच वर्षं बाहेर काढलेल्या मुलाला तो पाडा नवा असतो, आणि पाड्याला तो मुलगा. माझ्या यजमानांसारखा तो धड नवाही नसतो, जुनाही नसतो. या मे महिन्यात मुलं निघतील, तेव्हा खाऊच्या पुडीबरोबर प्रत्येकाला एक काम द्या. पाड्यावरच्या आजीकडून तिच्या बोलीतली झाडांची नावं लिहून आण म्हणा. ग्रामसभेचा अर्ज चार जणांना वाचून दाखव म्हणा. आणि त्यांच्या आईबापांना निरोप धाडा की पोराला पाहुण्यासारखं बसवून ठेवू नका, पेरणीच्या कामाला हाक मारा.