उजव्या हाताच्या बाईबद्दल बोला



गंगापूर रोडने शहर मागे टाकून गिरणाऱ्याच्या बाजूला निघालं की आमचे गट सुरू होतात. टोमॅटो, द्राक्षं, मजुरी आणि महिन्याची बैठक. मागच्या महिन्यात अशाच एका बैठकीला आम्ही गेलो, तर सगळ्या गप्प. सचिव ताई कुटुंबासह दुसऱ्या गावी गेलेल्या, आणि बँकेच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेले. थकबाकी नव्वद दिवसांच्या वर गेली की बँक ते खातं एनपीए धरते, मग पुढच्या कर्जाचं नावच काढायला नको. गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ होती. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. अडलं होतं ते चौथ्या सूत्रावर.

नवी सचिव निवडायची म्हणून आम्ही विचारलं, "कोणाला काय चांगलं जमतं? एकेक सांगा." कोणी बोलेना. एक ताई म्हणाल्या, "आम्हाला काय येतंय? आम्ही घरीच असतो." या ताई हंगामात पहाटे चारला उठून, घरच्यांचे डबे करून द्राक्षाच्या थिनिंगला जातात! मग आम्ही विचारलं, काय जमत नाही? तर यादी संपेना.

तेव्हा आम्ही प्रश्न फिरवला. स्वतःबद्दल नको, उजव्या हाताला बसलेल्या बाईबद्दल बोला. अट एकच. 'स्वभावाने चांगली आहे' एवढ्यावर भागणार नाही. तिने केलेली एक गोष्ट सांगायची, कधी आणि कशी केली त्यासकट.

पहिल्या दोघी हसण्यातच गेल्या. तिसरी म्हणाली, "दिवाळीला माझे पैसे राहिले होते. बैठकीत सगळ्या बोलल्या, मला यायची लाज वाटायला लागली. ही एकटी संध्याकाळी घरी आली. पैशाचं काढलंच नाही. सासूबाईंची तब्येत विचारली आणि निघताना म्हणाली, शंभर-शंभर करून दे, मी शुक्रवारी येते. चार शुक्रवार आली. फिटले माझे." लगेच समोरून आवाज आला, "माझ्याकडंही अशीच आली होती." आणखी एक हात वर झाला. तीन घरांचं एकमेकींना माहीतच नव्हतं.

ज्या ताईंबद्दल हे चाललं होतं, त्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. त्या गोंधळून म्हणाल्या, "त्यात मी काय केलं? दूध घालायला जाते, वाट तीच."

आम्हाला वाटतं, खरी गोम इथेच आहे. जे सहज जमतं त्याला आपण काम समजत नाही, मग गुण कुठून समजणार? जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली याची एक चौकट मांडली, तिला 'जोहरी खिडकी' म्हणतात. दागिन्यांच्या जोहरीशी संबंध नाही, जो आणि हॅरी मिळून जोहरी! या खिडकीचा एक कप्पा असा, की आतलं लोकांना दिसतं, आपल्याला नाही.

खिडकी राहू द्या, आपल्या बहिणाबाई बघा. जन्म जळगावजवळच्या असोद्याचा, साल १८८०. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता ओव्या रचल्या. त्या जपून ठेवण्यासारख्या आहेत, हे ऐकणाऱ्यांना कळलं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्या उतरवून घेतल्या. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ते बघायला बहिणाबाई नव्हत्या.

पण सगळंच कौतुक जसंच्या तसं घेऊ नका. त्याच बैठकीत एका ताईंबद्दल चौघींनी सांगितलं, "ही कुणालाच नाही म्हणत नाही." त्यावर त्या ताई तडक म्हणाल्या, "तो माझा गुण नाही, तुमची सोय आहे." सगळ्या चपापल्या. आम्हीही. बाईला 'सोशिक' म्हणून शाबासकी देणाऱ्याचं त्यात काय सुटतं, ते आधी बघावं. घरात तर भाजीला मीठ कमी पडलं तेवढंच ऐकू येतं, म्हणून गटात कोणी चांगलं बोललं की आपण पटकन भुलतो.

सचिवपदाचं म्हणाल तर दूधवाल्या ताईंनी होकार दिला, पण अट घालून. रजिस्टर बारावी झालेल्या एका सुनेने लिहायचं, घरोघरी जाणं त्यांच्याकडे. एक हप्ता भरून झालाय. दुसऱ्यासाठी दोन घरांचे पैसे यायचेत, आणि त्यातलं एक घर त्यांच्या दिराचं आहे. तिथे कोणी जायचं, ते येत्या बैठकीत ठरेल.