पुरुषांच्या बाजूला एक डबा

बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत, त्यातलं अर्धं लाजण्यात घालवत नाही. मी डायपर वापरतो. लहान मुलांचा नाही, मोठ्यांचा. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. दुखणं गेलं, जाताना लघवीवरचा ताबाही घेऊन गेलं. खोकलो, शिंकलो, भाजीची पिशवी उचलली की थेंब, कधी धार. आत्ता या माइकसमोर बसलोय तोही डायपर लावून आणि वर लुंगी नेसून.

लुंगीला लोक हसतात. वर इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि खाली हिरव्या चौकड्यांची लुंगी, असा मी बँकेत गेलो तर दारावरचा वॉचमन म्हणाला, "आजोबा, पँट वाळत घातलीय का?" पुण्यात हा वेश विचित्र दिसतो, कबूल. पण पँट घालून प्रवासात एकदा डायपर बदलून बघा, मग बोलू.

सांगतोच. एसटी स्टँडवरचं स्वच्छतागृह. फरशीवर पाणी, दाराला आतून खुंटी नाही, म्हणून पिशवी दातांत धरलेली. पँट काढायची तर आधी बूट काढायचे, आणि बूट काढले की मोजे त्या पाण्यात. शेवटी भिंतीला पाठ टेकून एका पायावर उभा राहिलो, ओल्या डायपरच्या कडा फाडून तो सोडवला, नवा चढवला. जमलं एकदाचं! आणि आता हा ओला डायपर हातात घेऊन मी उभा. टाकू कुठे? डबा नाही. बाहेरच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, आपला कचरा आपल्या घरी न्या." वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. तीन तास, मांडीवरच्या पिशवीत, शेजारी दशम्यांचा डबा. त्या दिवसापासून लुंगी. पण डब्याचं काय?

मोरीतल्या नळाचा वायसर गेला तर आपण काय करतो? खाली बादली लावतो आणि प्लंबरला फोन करतो. घराण्याची अब्रू गेली म्हणून कोणी दारं लावून बसत नाही. माझा वायसर गेलाय, डायपर ही माझी बादली, एवढंच. पण आमच्या वयाची मंडळी काय करतात, तर टाकीचा कॉकच बंद करतात. लग्नाला जायचंय म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट नाही. अहो, लघवी घट्ट झाली की आत मूत्राशयात जास्तच चुरचुरतं आणि कळ आणखी लवकर येते. पाणी प्या. आणि प्लंबरला, म्हणजे डॉक्टरांना दाखवा. वय झालं, चालायचंच, असं म्हणू नका. आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये बाळंतपणानंतर बायकांसाठी एक व्यायाम सांगितला, तोच आता प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांना शिकवतात. चारचौघांत वारा सरायची वेळ आली की आपण खालून जसं आवळून धरतो, तसं धरायचं आणि सोडायचं. दिवसातून किती वेळा ते... असो, ते फिजिओथेरपिस्ट नीट शिकवतील. मला डब्याकडे यायचंय.

पण त्याआधी, लाज वाटते ना? मग ऐका. 5 मे 1961 ला अ‍ॅलन शेपर्ड हे अंतराळात जाणारे पहिले अमेरिकन ठरले. उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं, पण यान सुटायच्या आधी तासन्‌तास खोळंबा झाला आणि त्यांना सूटमध्येच लघवी करावी लागली. आज यानाबाहेर काम करायला जाणारे अंतराळवीर सूटच्या आत डायपर घालतात. त्यांना कोणी हसत नाही. त्यांचा वेश तर माझ्याहून विचित्र!

पुन्हा बादली. बादली भरली की ओतायला मोरी लागते, तसा डायपरला डबा लागतो. डबा नसला की लोक खिडकीतून फेकतात, नाहीतर संडासात टाकतात. डायपरच्या आतली पावडर पाणी पिऊन फुगते आणि संडास तुंबतो. मग आपणच नाक दाबून नगरपालिकेला शिव्या देतो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतच डायपर नीट गुंडाळून द्या असं स्पष्ट लिहिलं होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक बायकांनी तर सांगून ठेवलंय, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. का, तर त्यांना तो हातांनी उघडून बघावा लागू नये. मी घरी ठिपका काढतो. प्रवासात काढून देऊ कोणाला?

बायकांच्या बाजूला कुठे कुठे तरी डबा दिसतो. पुरुषांच्या बाजूला? मी चार वर्षं शोधतोय. ब्रिटनमध्ये ‘प्रोस्टेट कॅन्सर यूके’ या संस्थेनं पुरुषांच्या स्वच्छतागृहात डबे ठेवा म्हणून मोहीमच काढली. म्हणजे रड तिथेही तीच.

स्टुडिओच्या काचेपलीकडून बाई बोट दाखवताहेत, एकच मिनिट राहिलं. डायपर किती वेळानं बदलायचा, कातडी कशी जपायची, हे राहूनच गेलं. किमतीबद्दल तर बोलायलाच नको, पेन्शनीत... असो. सुनांनो, लेकींनो, सासऱ्याची किंवा वडिलांची चादर ओली दिसली तर ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा. आणि श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाचं मंगल कार्यालय असेल, हॉटेल असेल, कोणी नगरसेवक असेल, तर पुरुषांच्या बाजूला झाकणाचा एक डबा ठेवा. आत खुंटीही ठोका.