सांध्याचा सराव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिक समारंभानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ज्या मुलामुलींनी आता पारितोषिके स्वीकारली, त्यांच्यापैकी कोणी इंजिनिअर होईल, कोणी डॉक्टर होईल. आपणां सर्वांस ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि पटाशी चांगली चालविता येते म्हणून गौरविलेला त्या यादीत एकही नव्हता, हे माझ्या मनास टोचले. यात दोष कोणाचा, असे विचाराल तर प्रथम माझाच.

मी माझ्या मुलास हत्याराला हात लावू दिला नाही. “शिक, नोकरी कर, या भुशात पडू नकोस,” असे त्याला सांगत आलो. तो शिकला, नोकरीस लागला, आणि त्याचा मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी नात घरी आली असता तिने माझ्या वडिलांची हत्यारांची सागवानी पेटी पाहिली आणि विचारले, “आजोबा, हिच्या कोपऱ्यांत खिळा कुठेच नाही. मग ही उघडी का पडत नाही?” मी म्हणालो, “डव्हटेल आहे, बाळ.” ती म्हणाली, “मग करून दाखवा.”

मंडळी, गेली वीस वर्षे मी प्लायवूड, खिळे आणि स्क्रू यांवर पोट भरले. त्या दिवशी केलेला सांधा इतका ढिला झाला की, हातात घेताच निसटला. जवळच सरस होता, भुसा होता. भुसा सरसात कालवून फट बुजवावी म्हणून सवयीने माझा हात तिकडे गेला. गिऱ्हाइकांच्या कामात असे मी अनेकदा केले आहे, हे आज आपणांसमोर कबूल करतो. पण समोर नात बसली होती. मी हात मागे घेतला.

या सांध्याची युक्ती सोपी आहे. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीप्रमाणे बाहेर रुंद होत जाणारे दाते कापावयाचे आणि दुसऱ्या फळीत नेमक्या त्याच आकाराच्या खाचा पाडावयाच्या. रुंद टोक अरुंद तोंडातून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून त्या बाजूने कितीही ओढले तरी सांधा सुटत नाही. मेजाचा खण आपण पुढून ओढतो. यासाठी शेपट्या खणाच्या बाजूच्या फळ्यांना ठेवावयाच्या. त्या उलट ठेवल्या, तर रोजच्या ओढीने दर्शनी फळी एक दिवस हातात यावयाची. हा सांधा आजकालचा नव्हे. मिसर देशातील प्राचीन कबरींत सापडलेल्या लाकडी सामानातही तो आढळतो. आपल्याकडे नाना फडणविसांच्या मेणवलीच्या वाड्यासारख्या इमारतींत खांब-तुळयांची जी लाकडी जोडणी दिसते, तिचेही मर्म हेच की, लाकडाने लाकडास धरावे.

आता सरावाची गोष्ट. शेपटीचा उतार सागासारख्या लाकडास आठास एक व देवदारासारख्या मऊ लाकडास सहास एक ठेवावा. उतार फार दिला तर शेपटीचे कोपरे तुटतात. फार कमी दिला तर पकड राहत नाही. फळ्यांची टोके गुण्याने तपासून काटकोनात आणावी. रेघ पेन्सिलीने नव्हे, तर धारदार चाकूने मारावी. जो भाग काढून टाकावयाचा त्यावर फुली करावी; कारण चुकीचा भाग कापला जाणे ही नवशिक्याची, आणि माझ्यासारख्या विसरभोळ्या जुन्याचीही, नेहमीची चूक आहे. करवत रेघेवर न चालविता रेघेच्या टाकाऊ बाजूस चालवावी. तळ पटाशीने काढताना अर्धा एका बाजूने व अर्धा दुसऱ्या बाजूने काढावा, म्हणजे ढलपी उडून पलीकडची कड फाटत नाही. एका फळीच्या शेपट्या तयार झाल्या की, त्याच दुसऱ्या फळीवर ठेवून खुणा कराव्या; निराळ्या मापाने करू नयेत. सांधा पुन:पुन्हा ठोकून पाहू नये, कारण प्रत्येक ठोक्याने तो सैल होतो.

त्या सुटीत आम्ही आजा-नातींनी वखारीतून आणलेल्या तुकड्यांवर रोज संध्याकाळी एक सांधा करावयाचा नेम धरला. प्रत्येकावर तारीख घातली आणि झालेला सांधा मधोमध कापून आत पाहिले. बाहेरून सुबक दिसणारा सांधा आतून पोकळ निघतो, तेव्हा लाज वाटते. पण चूक कोठे झाली ते तेथेच कळते. पहिले बारा सांधे टाकाऊ निघाले. तेरावा सरसावाचून उभा राहिला. तो माझा नव्हता, नातीचा होता. आमच्या घरात मुलीच्या हाती पटाशी देण्याची पद्धत नव्हती, आणि ती नव्हती म्हणून आम्ही किती हात वाया घालविले, हा विचार मला त्या रात्री झोप येऊ देईना.

कोणी म्हणेल, याचा आज उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. हाताने केलेल्या एका खणास माझा अर्धा दिवस जातो. यंत्राने कापलेल्या फळ्यांचा खण थोड्या वेळात जुळतो. मजुरी सुटत नाही, हे मी लपवीत नाही. परंतु आपल्याच भागातील उदाहरण पाहा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथील लोखंडी नांगर शेतात आला आणि बलुत्याचा आधार असलेला सुताराचा लाकडी नांगर हळूहळू मागे पडला. पण बिडाचे ओतकाम करावयाचे तर आधी लाकडी नमुना लागतो. बीड थंड होताना फुटास सुमारे एक अष्टमांश इंच आकसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. ते नमुने करण्यास नेमक्या रेघेवर चालणारा हातच लागला. काम बदलते, हाताचा नेमकेपणा कोठेही उपयोगी पडतो. तो मात्र विकत मिळत नाही, सरावानेच येतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य यांची तरतूद आहे. त्याचा लाभ जरूर घ्यावा. परंतु काही दिवसांच्या प्रशिक्षणाने हात बसत नाही, आणि मिळालेली हत्यारे पेटीतच राहिली तर गंजतात. पुढचे काम आपणच केले पाहिजे.

एके काळी आपले दोन्ही जिल्हे एकच होते. १९४९ साली ते उत्तर व दक्षिण सातारा असे वेगळे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कऱ्हाड दोन्हीकडील लोकांस सोयीचे आहे. तेथे महिन्यातून दोन रविवार आपल्या मुलामुलींसाठी सांध्याचा वर्ग भरवावा, अशी माझी मंडळास नम्र सूचना आहे. लाकडाचे तुकडे मी देईन आणि शरीर चालेल तोवर शिकवीन. पुढील वर्षी या समारंभात आणखी एक पारितोषिक ठेवावे: ज्याचा सांधा सर्वांसमक्ष मधोमध कापून आतून भरीव निघेल, त्याला किंवा तिला. परीक्षकांनी माझाही सांधा कापून पाहावा. तो पोकळ निघाला तर मी आनंदाने खाली बसेन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करवत हाती घेईन.