मोडायचे कुठे?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत, शाळेच्या विज्ञान मंडळापुढे एका माजी विद्यार्थ्याने दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय मी कळवला, तेव्हा बाई दूरध्वनीवर क्षणभर गप्पच राहिल्या. सदतीस वर्षे यंत्रांच्या कारखान्यात काढलेला माणूस हीरक महोत्सवात खेळण्यातल्या ट्रकवर बोलणार, हे त्यांना जरा विचित्र वाटले असावे. तो ट्रक मी बरोबर आणला आहे. मेजावर दिसतो आहे तोच. खऱ्या वाहनाच्या एक दशांश मापाचा, रेडिओलहरींवर चालणारा हा मॉन्स्टर ट्रक. वजन सुमारे दोन किलो, आणि चाके लहान ताटलीएवढी. तो माझ्या नातवाचा आहे. तो मी दुरुस्त कसा केला हे सांगण्यापूर्वी मी तो कसा बिघडवला, हे सांगणे मला भाग आहे.

आधी या वाहनाची थोडी कुळकथा. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस शहराजवळ बॉब चँडलर नावाच्या गृहस्थाचे चारचाकी गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान होते. 1974 सालचा एक फोर्ड पिकअप ट्रक तो स्वतः चालवी आणि इतका दामटून चालवी, की काही ना काही सतत मोडे. या मोडतोडीला तुझा जड पाय कारणीभूत आहे, अशी दुकानातली मंडळी थट्टा करीत. त्यातूनच त्या ट्रकला ‘बिगफूट’ हे नाव पडले. चँडलर मोडलेल्या भागाच्या जागी अधिक भक्कम भाग बसवी. मग मोठी चाके बसवी. ती पेलवेनात, म्हणून लष्करी वाहनांचे जाडजूड अ‍ॅक्सल आणी. 1981 साली त्याने एका शेतात जुन्या मोटारी चिरडून दाखवल्या आणि मॉन्स्टर ट्रक हा प्रकार जगाला ठाऊक झाला. 1987 मध्ये जपानच्या तामिया कंपनीने ‘क्लॉड बस्टर’ नावाची त्याची छोटी प्रतिकृती बाजारात आणली. तिच्या दोन्ही अ‍ॅक्सलांवर एकेक मोटर होती. थोडक्यात, मोडणे आणि सुधारणे हे या वाहनाच्या रक्तातच आहे.

आमच्या ट्रकची रचना साधी आहे. एक विजेची मोटर, तिच्या आसावर छोटे दातेरी चाक, ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवते, तेथून गिअरपेटी आणि मग मागची दोन चाके. चारही चाके नायलॉनच्या आर्मांवर टेकलेली आणि प्रत्येकावर तेल भरलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आपल्या हैदराबादेत निसर्गानेच या ट्रकसाठी मैदान तयार करून ठेवले आहे. ग्रॅनाइटचे धोंडे जागोजाग आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी मुरूम. नातू तो धोंड्यांवरून उडवी आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुढचा एखादा आर्म मोडे. आर्मची किंमत किरकोळ, बदलायला वीस मिनिटे. नातू ते स्वतः करीत असे. परंतु माझ्यातल्या अभियंत्याला ते पाहवेना.

मी अ‍ॅल्युमिनियमचे आर्म मागवले. निळ्या रंगाचे, चकचकीत, हातात घेतले की मन प्रसन्न व्हावे असे. मोठ्या दातेरी चाकात एक घसरपट्टी असते, तिला स्लिपर क्लच म्हणतात. जोर फार झाला की ती किंचित घसरते. घसरणे म्हणजे शक्ती वाया जाणे, असे म्हणून मी तिचा नट पार आवळून टाकला. आणि वर नव्या बॅटरीची भर घातली: 7.4 व्होल्टच्या जागी 11.1 व्होल्टची.

पहिल्या दिवशी मोठ्या चाकाचे प्लॅस्टिकचे दाते सोलून निघाले. मी पोलादी चाक बसवले. पुढच्या आठवड्यात गिअरपेटीच्या आतले चाक फुटले. तेही बदलले. मग एका उडीनंतर ट्रक वाकडा चालू लागला. आर्म मोडला नव्हता. तो वाकला होता आणि वाकलेलाच राहिला होता. तो मी शेगडीवर तापवून सरळ केला. त्यानंतरच्या धडकेत आर्म शाबूत राहिला आणि तो ज्या ठोकळ्यावर बसतो तो ठोकळा चासीच्या तुकड्यासकट उखडून आला. वीस मिनिटांच्या दुरुस्तीच्या जागी आता पूर्ण चासी हवी होती. ती येईपर्यंत चार महिने गेले.

चासी आली, मी ट्रक जोडला आणि नातवाच्या हाती देताना म्हणालो, “जरा जपून चालव, उड्या मारू नकोस.” तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही तो मजबूत केलात ना? मग आता जपून का?” मजजवळ उत्तर नव्हते. त्याने ट्रक कपाटावर ठेवला आणि कितीतरी दिवस तो खाली काढलाच नाही. मुलाच्या खेळण्याचे मी शोभेच्या वस्तूत रूपांतर केले होते.

लाज वाटण्याचे कारण आणखी एक होते. कारखान्यात मी आयुष्यभर शिअर पिना बसवल्या. मोठ्या यंत्रात कोठेतरी मुद्दाम एक कमजोर खिळी ठेवतात. यंत्र अडले की खिळी तुटते. लाखाची गिअरपेटी वाचते. तुमच्या घरातला फ्यूज दुसरे काय करतो? याच शाळेच्या कार्यानुभवाच्या वर्गात जुना पट्ट्याचा लेथ होता. जास्त खोल कापायला गेलो की पट्टा घसरे. मी तक्रार केली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, “तो घसरतो म्हणून तुझी बोटे हाताला आहेत.” हे सगळे ठाऊक असून घरच्या मेजावर मी ते विसरलो.

आता थोडे गणित करू, म्हणजे काय घडले ते दिसेल. दोन किलोचा ट्रक एक मीटर उंचीवरून पडला, तर सुमारे वीस ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चार सेंटिमीटर दबत ती जिरवीत असतील, तर सरासरी बल होते 500 न्यूटन. म्हणजे पन्नास किलोचे पोते ठेवल्यासारखे. तीच ऊर्जा चार मिलिमीटरमध्ये जिरवायची झाली, तर 5000 न्यूटन, अर्धा टन. भाग तेवढेच, उंची तेवढीच. फक्त थांबण्याचे अंतर दहापट कमी झाले. नायलॉनचा आर्म धडकेत लवतो आणि परत मूळ आकारात येतो. तो लवतो तेव्हा तो अंतर पुरवत असतो. ताठ अ‍ॅल्युमिनियम ते अंतर देत नाही. बल नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याकडे जाते, आणि माझा शेजारी होता तो चासीवरचा ठोकळा. बॅटरीचे तसेच. व्होल्टेज दीडपट झाले म्हणजे मोटरचा वेग साधारण दीडपट. आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून धडक सव्वादोन पट. ट्रक मजबूत करण्याच्या नादात मी त्याच्यावरचा मारच दुपटीहून अधिक केला होता.

मी एका कागदावर ट्रकचे सगळे भाग लिहिले आणि प्रत्येकापुढे दोन आकडे घातले: किंमत आणि बदलायला लागणारा वेळ. मग ठरवले की मोडायचेच असेल, तर या यादीतले जे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर बदलता येणारे, ते मोडावे. आर्म मोडावा, चासी मोडू नये. स्लिपर घसरावा, दाते सोलू नयेत. यादी झाल्यावर नातवाला बोलावले आणि ट्रक कपाटावरून त्याच्याच हाताने खाली काढवला.

अ‍ॅल्युमिनियम काढले. जागी पुन्हा नायलॉनचे आर्म, पण जरा जाड आणि अधिक लवचीक. नायलॉन पाणी शोषून घेतो, आणि पाणी मुरलेला नायलॉन कोरड्या नायलॉनपेक्षा चिवट असतो. कोरडा ठणठणीत भाग पटकन तडकतो. म्हणून नवे आर्म आम्ही पातेल्यात पाण्यात उकळले आणि त्याच पाण्यात भिजत ठेवले. ते पातेले कोणते, यावरून घरात बोलणी बसली. आता त्यासाठी वेगळे पातेले आहे.

स्लिपरचा नट हलकेच शेवटपर्यंत आवळून अर्धा फेरा सैल केला. उभ्या ट्रकला एकदम पूर्ण वेग दिला की क्षणभर घसरण्याचा बारीक आवाज यावा आणि मग पकड बसावी. आवाज येतच राहिला तर सैल, मुळीच आला नाही तर घट्ट. मोटरचे छोटे चाक आणि मोठे चाक यांच्या दात्यांत किती फट असावी, याला साधा उपाय आहे. वहीच्या कागदाची पट्टी दोहोंच्या मध्ये घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून कागद बाहेर काढायचा. कागदावर दात्यांचे ठसे उमटावेत, पण तो फाटू नये.

सुधारणा म्हणून मी ज्यावर पैसे खर्च करायला सांगेन ती गोष्ट म्हणजे बेअरिंगे. आमच्या ट्रकच्या पुढच्या चाकांत साध्या बुशा होत्या. मुरुमाची धूळ त्यांत शिरून त्या झिजल्या होत्या आणि चाके डगमगत होती. नातवाला घेऊन राणीगंजच्या बाजारात गेलो. आतला व्यास 5, बाहेरचा 11 असे माप सांगताच दुकानदाराने झटकन 685 क्रमांकाची बेअरिंगे पुढे केली. घरी आल्यावर ती बसेनात. जाडी 5 मिलिमीटर, आणि आम्हांला हवी होती 4. ती येतात एमआर 115 या क्रमांकाची. एका मिलिमीटरसाठी दुसरी खेप झाली; परंतु कॅलिपरने तिन्ही मापे घ्यावीत, हे नातू त्या दिवशी जे शिकला ते मी दहा वेळा सांगून शिकला नसता. बेअरिंगे बसताच चाक बोटाने फिरवले तर फिरतच राहते. आमची मोटरही कमी तापू लागली.

स्क्रूंविषयी थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालताना आधी तो उलटा फिरवावा. टक् असा बारीक धक्का जाणवतो, तेथे जुने आटे सापडतात. मग सुलटा आवळावा. नाहीतर प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि पाचव्या खेपेस भोक रिकामे होते. स्क्रू पक्का करणारे निळे द्रव्य फक्त धातूवर धातू असेल तेथेच लावावे. काही प्लॅस्टिके त्याने तडकतात.

बॅटरी पुन्हा 7.4 व्होल्टची. लिथियम बॅटरीचा एकही सेल 3 व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. चार्ज होत असताना जवळ माणूस हवा आणि खाली न जळणारी वस्तू हवी. आम्ही मातीची कुंडी वापरतो. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा वापरायची नाही. येथे मात्र काटकसर, हौस, काही चालणार नाही.

आणि चालवणाऱ्याचा हात. ट्रक हवेत असताना वेग दिला की नाक वर उठते, ब्रेक दिला की खाली झुकते. फिरणाऱ्या चाकांची ती करामत आहे, भौतिकशास्त्राच्या बाईंना विचारा. पण चाके पूर्ण वेगाने फिरत असताना जमिनीला टेकली, तर ती एका क्षणात अडतात आणि तो सगळा झटका उलटा गिअरांत जातो. म्हणून टेकण्याआधी बोट सोडायचे. हे मला नातवाने शिकवले. तो ते माझ्या सुधारणांच्या आधीपासून करीत होता. मी कधी विचारलेच नव्हते.

त्यानंतरच्या वर्षात आमचे अकरा आर्म मोडले. तुटके तुकडे या डब्यात आहेत. पाहा, जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी, खिळीच्या भोकापाशी मोडलेले आहेत. चासी तीच आहे. गिअरपेटी एकदाच उघडली, तीही ग्रीस बदलण्यासाठी.

माझा वेळ संपत आला आहे. ट्रकची बॅटरी भरलेली आहे, नातू मागच्या रांगेत बसला आहे आणि दुसरी बॅटरी त्याच्या दप्तरात आहे. चार वाजता मैदानावर, ध्वजस्तंभापासून दूरच्या बाजूला, तो आधी चालवून दाखवील आणि मग ज्याला चालवायचा असेल त्याने चालवावा. जपून चालवण्याची गरज नाही. आर्म मोडला तर मोडणाऱ्यानेच तो बदलायचा, एवढीच अट आहे. पाना आणि दोन जादा आर्म मी आणले आहेत.