माशाच्या आतड्याचा पहारा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



लंबोदराच्या मंडपात पोटाविषयी बोलायला संकोच कसला! फक्त आजचे पोट माणसाचे नाही, माशाचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही जैनदकडच्या एका शेततळ्यावर गेलो होतो. मालकाने एक पाकीट पुढे केले. म्हणाला, "साहेब, याने माशांची रोगप्रतिकारशक्ती वाढते म्हणे. पेंडीत मिसळू का?" पाकीट महाग होते. शेजारच्या तळ्यात मासे मेले होते, म्हणून तो घाबरलेला. मत्स्यखात्यात इतकी वर्षे काढूनही आम्हाला ठाम उत्तर देता आले नाही. मग शोधले, वाचले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

रोहू, मृगळ आणि ज्याला बाजारात बोच्चा म्हणतात तो कटला, या माशांना जठरच नसते. खाल्लेला कोंडा आणि पेंड थेट आतड्यात. त्याबरोबर तळ्यातले जंतूही आत जातात. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, वर चिकट बुळबुळीत लेप. पोषण आत घ्यायचे आणि जंतू बाहेर ठेवायचे, ही दोन्ही कामे या थराचीच. जंतू आढळला की याच पेशी रासायनिक निरोप धाडून शरीराच्या इतर रक्षक पेशींना बोलावतात. म्हणजे दारावरचा पहारेकरी आणि स्वयंपाकघराचा कोठीवाला एकच!

हा पहारा पाहायचा कसा? पूर्वीची नेहमीची वाट अशी होती. शेकडो मासे टाक्यांत ठेवा, महिनोन्‌महिने खाऊ घाला, मग कापून बघा. २०११ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या नील्स बोल्स आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशाच्या आतड्यातील पेशींचा एक वाण प्रसिद्ध केला. त्याचे नाव आरटीगटजीसी. या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढतात. जंतूंच्या कवचातला एक पदार्थ त्यांना दिला, तेव्हा त्यांनी प्रतिसादही दिला.

आता या पेशी बारीक छिद्रांच्या पडद्यावर वाढवतात. वरची बाजू म्हणजे आतड्याची पोकळी, खालची म्हणजे रक्ताची. वरून यीस्टमधले बीटा-ग्लुकन किंवा दुसरा एखादा खाद्यपूरक पदार्थ घालतात. थरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून थर घट्ट राहिला की गळू लागला ते मोजतात. पेशींनी धोक्याचे निरोप धाडले का, तेही तपासतात. थराला ओरखडा काढून तो किती वेळात भरून येतो, हेही बघतात. एका छोट्या तबकडीत अनेक मात्रा तपासून होतात, मासे मारावे लागत नाहीत आणि निरुपयोगी पदार्थ आधीच बाद होतात.

पण इथेच सावध राहायला हवे. प्रतिकारशक्ती चेतली म्हणजे मासा तगडा झाला, असे नाही. सतत चेतवणे म्हणजे सतत दाह, आणि दाहाला अन्न खर्च होते. शिवाय तबकडीत रक्ताभिसरण नाही, आतड्यातले नेहमीचे जिवाणू नाहीत, तळ्याचा गाळही नाही. ट्राउट थंड पाण्यातला मासा, त्याच्या पेशी सुमारे १८ ते २० अंशांत वाढवतात. आपल्या रोहूला ते पाणी गारठ्याचे वाटेल. माशागणिक फरक पडतोच. सोयाबीनच्या पेंडीने सालमनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. सिप्रिनसला तीच पेंड दिली तेव्हा सूज आली खरी, पण चौथ्या आठवड्यापासून ओसरू लागली. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा. सोयाबीनची आणि सरकीची पेंड आपल्याला जवळची. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

भारतात रोहू आणि कटला यांच्या कल्ल्यांपासून पेशींचे वाण तयार झाले आहेत. माशांच्या पेशींचा राष्ट्रीय संग्रह लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत आहे. कल्ला मात्र आतडे नव्हे. आपल्या माशाच्या पाकिटाचा निकाल आपल्या माशाच्या आतड्याने लावावा, एवढीच आमची अपेक्षा.

तोपर्यंत त्या शेततळ्याच्या मालकाला काय सांगावे? आम्ही पुन्हा गेलो आणि त्याला तीन प्रश्न दिले. विकणाऱ्याला विचार: हे कोणत्या माशावर तपासले? नुसत्या पेशींवर की तळ्यातही? आणि किलोमागे किती, किती दिवस? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेव. त्याआधी पाणी बघ, सकाळी मासे वर येऊन श्वास घेतात का बघ, मासे दाटीने सोडलेत का बघ. घाबरून प्रतिजैविके मात्र ओतू नकोस. क्लोराम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे. आणि सातनाला जलाशयासारख्या विस्तीर्ण पाण्यात, जिथे मासा नैसर्गिक अन्नावर वाढतो, तिथे भुकटी टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

त्याने पाकीट परत केले. शेजाऱ्याने मात्र घातले. दोघांचीही तळी आम्ही बघत आहोत. पुढच्या वर्षी बाप्पासमोर खरे काय ते सांगू.

गणपती बाप्पा मोरया!